माणसं जमवणारी दीपमाला

फुलसावंगीच्या दीपमालाला पुण्याच्या कंपनीचं काम मिळालं, पण ते नेमकं कसलं हे तिला घरी नीट सांगता येईना. कपाशीवर बोंडअळी आली की काय करायचं, हे फोनवर दाखवणारं अ‍ॅप कंपनी बनवत होती. ते शेतकऱ्यांना कळतं का, हे बघायला एक विचारणारी, एक लिहिणारा आणि एक नुसता बघणारा येणार होते. अर्थ काढणारा पुण्यातच बसणार होता. दीपमाला माणसं जमवणारी. लग्नघरातसुद्धा कामाची एवढी वाटणी नसते.

अ‍ॅपमध्ये सगळं लिहिलेलं होतं, आणि तांड्यावर एकटीनं शेत करणाऱ्या रुक्माबाईंना वाचता येत नव्हतं. अ‍ॅप बोलतं व्हावं, एवढीच दीपमालाची आस. म्हणून तिनं मुद्दाम रुक्माबाईंनाच निवडलं. पण आदल्या दिवशी तांड्यावर बजावून आली, "पुण्याचे पाहुणे येऊन राह्यले, लाज राखजा."

तांड्यानं राखली. पुऱ्या तळल्या.

"समजलं का, आजी?" अ‍ॅप उघडून फोन रुक्माबाईंच्या हाती देत विचारणारीनं विचारलं.

"हो माय, लय चांगलं हाय!"

लिहिणाऱ्यानं तेच लिहिलं. बघणारा कोपऱ्यात गप्प. न बोलणं हेच त्याचं काम. रुक्माबाईंना भडभडून आलं. त्याच्या ताटात दोन पुऱ्या जास्तीच्या टाकत त्या दीपमालाकडे वळून कुजबुजल्या, "पोरगं मुकं हाय का वं? कळंबच्या चिंतामणी गणपतीले नेऊन आणा म्हणावं."

जीप गेल्यावर दीपमालानं विचारलं, "काकी, खरंच समजलं?"

"कायी नाही समजलं."

"मंग हो काहून म्हटलं?"

"पाहुण्याले तोंडावर नाही म्हणू? तूच तं म्हणे लाज राख."

दीपमालानं फोन लावले. विचारणारी म्हणाली, मी विचारलं होतं. लिहिणारा म्हणाला, बोलतील तेवढंच लिहायचं असतं. अर्थ काढणारा म्हणाला, लिहिलंय त्याचाच अर्थ निघतो, ताई. राहिला बघणारा.

"आजींनी फोन उलटा धरला होता, मी पाहिलं," तो म्हणाला. "पण मला कोणी विचारलं नाही."

अ‍ॅप आलं, ते मुकंच. दिवाळीच्या तोंडावर रुक्माबाईंनी बोंड फोडलं, तर आत गुलाबी अळी.

"हे बी त्या पोरासारखंच निंघालं वं," दीपमालानं अ‍ॅप बघायला दिलेला फोन तिला परत देत त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात कंपनीचा निरोप आला : लोक समाधानी आहेत का ते तपासायचंय, माणसं जमवा. दीपमाला तांड्यावर गेली. "काकी, या बारीले त्यायले पाहुणे समजू नका. खरं ते बोला, भांडा!"

"बरं," म्हणून रुक्माबाई उठल्या आणि पुऱ्यांचं पीठ काढू लागल्या.