धोंडीच्या गाडीचं शेपूट

धोंडे,

परवा एक तरुण विद्वान व्याख्यानात ठासून सांगत होता, की माणूस म्हणजे त्याचा स्वभाव आणि त्याची परिस्थिती. दोन्हींची बेरीज केली की माणूस तयार. मी मधेच उठून आले, आणि गुडघे दुखत होते म्हणून नव्हे. हीच बेरीज मी १९४४ साली पुण्याच्या कॉलेजात शिकले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी आले आणि तू ती माझ्या डोळ्यांदेखत खोटी पाडलीस. तू जाऊन खूप वर्षं झाली. तरी तुझ्याबद्दल लिहायचं तर तुझ्याशी बोलूनच लिहीन. तुला ठाऊक असलेलंही सांगते, कारण हे इतरही वाचतील.

तू आणि सुंदरा सख्ख्या बहिणी, खालापूरजवळच्या आमच्या गावात एकाच घरात दोघा भावांना दिलेल्या. सुंदरा थोरली आणि फटकळ. तिच्यापुढे पाटलाचीही बोबडी वळायची. तू मात्र दाराआडून बोलणारी. दावणीला बांधलेल्या बैलांनासुद्धा तू लांबून वळसा घालायचीस. गावात कुणी कचरलं की म्हणायचे, "काय रं, धोंडी झालास का?"

तुमचे नवरे बैलगाडीवर होते. आसपासच्या गावांतलं भात कर्जतच्या गिरणीला न्यायचे. आदल्या पावसाळ्यात पटकीची साथ आली आणि दोघे भाऊ पाठोपाठ गेले. मागे दोन विधवा, एक गाडी आणि एक बैलजोडी राहिली. चुलत दीर येसाजी, तोही गाडीवानच, मोठ्या मायेने म्हणाला, "बैल माझ्या गोठ्यात बांधा. तुमी दोगी आमच्याकडं ऱ्हावा. दोन घास काय जड हायत व्हय?"

बैल एकदा त्याच्या गोठ्यात गेले, की तुम्ही जन्मभर त्याच्या घरचं शेण काढणार, हे सगळ्या गावाला कळत होतं. दोघींचं घर एक, दुःख एक आणि अडचणही एकच. लोकांना वाटलं, आता सुंदरा येसाजीला फाडून खाईल. सुंदराने बोचकं बांधलं आणि ती चौक गावी, तुमच्या भावाकडे निघून गेली. मी तिला नावं ठेवत नाही. पण मागे राहून तू पदराआडून म्हणालीस, "भावजी, बैल नाय द्यायची. गाडी मी हाकीन."

चावडीवर हशा पिकला. बाईमाणूस गाडीवानाच्या जागेवर बसलं की बैल बिथरतात, असा आमच्याकडे पक्का समज. येसाजी तर पोट धरून हसला. म्हणाला, "भरली गाडी घेऊन कर्जतचा उतार उतरून दाव. एक गोण जरी कलंडली, तर बैल माझं. नाय कलंडली, तर मी पुन्हा शब्द काढनार नाय."

तुझ्या गाडीत बसायला कुणी तयार होईना, म्हणून मी चढून गोणींवर बसले. पाच-सात माणसं तमाशा बघायला मागून चालत होती. बैल अजिबात बिथरले नाहीत. बिथरली होतीस ती तू. कासरा तू इतका आवळून धरला होतास, की बैल दर दहा पावलांना थांबत होते.

उताराच्या तोंडाशी तू गाडी थांबवलीस. खाली उतरलीस, कोयत्याने ऐनाची पानांसकट एक दांडगी फांदी तोडलीस आणि दोराने गाडीच्या मागे बांधलीस. मग बैलांच्या पुढे जाऊन कासरा धरून पायी उतरू लागलीस. मर्द गाडीवान त्या उतारावर ऐटीत बसून राहत, गाडी सुसाट सोडत, आणि हंगामात एखादी तरी खड्ड्यात जाई. तुझी फांदी जमिनीला घासत गाडीला मागे खेचत होती.

"आरं, बायनं गाडीला शेपूट लावलं!" येसाजी ओरडला. "घरी गेल्यावर शिंगं पन लाव गं, धोंडे!"

मी वरून पुढे वाकून विचारलं, "भीती वाटते ना? सोडून दे हवं तर."

तू मागे न बघता म्हणालीस, "वाटते तर! म्हनून तं फांदी बांधली, बाय. भ्या नसतं तर मी पन त्यांच्यावानी बसून ऱ्हायले असते."

उतार संपला. एकही गोण ढळली नव्हती. गिरणीवर पोचताच गिरणीवाल्याने पुढच्या खेपेचं भात तुला सांगून टाकलं. येसाजीने शब्द पाळला, एवढं माप त्याच्या पदरात टाकायला हवं. दोन वर्षांनी तर त्या उतारावर शेपटाविना गाडी दिसेनाशी झाली. येसाजीचीसुद्धा! विचारलं तर म्हणे, "आमच्या आज्याच्या वक्तापासून हाय ते."

पुढच्या सुट्टीत मी तुला विचारलं, "धोंडे, तुझा स्वभाव पालटला का गं?"

"कुटचा? कुत्रं भुकलं तरी छातीत धडधडतं माज्या."

घ्या! विद्वानांनी याची बेरीज करून दाखवावी. स्वभाव जन्माचा भित्रा, परिस्थिती सुंदराला मिळाली तीच, आणि निकाल मात्र उलटा. भीती तुला मिळालेली होती, वैधव्यही मिळालेलं होतं. त्यांचं काय करायचं हे कुणी दिलेलं नव्हतं. ते करणारी जी कुणी होती, ती धोंडी. माझ्या सगळ्या शिक्षणात इतकं स्वच्छ उत्तर मला दुसरं मिळालं नाही, आणि ते माझ्या गावच्या बाईने दिलं याची घमेंड मला आजही आहे.

एक गोष्ट मात्र राहिली. त्याच सुट्टीत तू मला म्हणालीस, "बाय, चौकला जाशील तवा सुंदराला निरोप दे. म्हनावं, गाडीवर दोगींना जागा हाय."

मी फाडकन म्हटलं, "दर बाजाराला तुझी गाडी चौकला जाते. तूच सांग की!"

"नको गं! लय बोलंल ती. तूच सांग."

"बहीण तुझी, गाडी तुझी. मी कशाला?"

तू हसलीस आणि बैल जुंपलेस. मी पुण्याला गेले. तुझी गाडी वर्षानुवर्षं चौकच्या बाजाराला जात राहिली, तुमच्या भावाच्या दारावरून. निरोप ना तू दिलास, ना मी.