पाणी नसलेलं तीर्थ

आमच्या घरात दोन विषय नांदतात. इतिहास यांचा, मराठी माझी. संभाजीनगरच्या कॉलेजांतून आम्ही दोघंही ते शिकवून निवृत्त झालो, पण घरात मान इतिहासाला. कपाटं त्याची, टेबल त्याचं, रविवारही त्याचेच. मराठीला स्वयंपाकघराच्या खिडकीशी एक फळी मिळाली आहे.

यांनी आयुष्यभर एका लढाईची जागा शोधली. यादवांच्याही आधीची लढाई. एका पडक्या देवळातल्या शिलालेखात तिचा उल्लेख आहे: उत्तरेकडच्या डोंगरात राजाचा एक सरदार लढताना पडला. कुठे पडला ते सांगणारी ओळ नेमकी फुटली आहे. शेवटचा तुकडा तेवढा उरलाय, ‘तीर्थे’. म्हणजे तीर्थावर. म्हणून आम्ही सोयगावपासून पिशोरपर्यंत कुंडं, झरे, संगम सगळे पालथे घातले. लढाईचा मागमूस नाही. परिषदांमध्ये चहाच्या वेळी लोक “सर, सापडली का लढाई?” असं विचारून एकमेकांकडे बघायचे. त्या कपबश्या मला तिथंच फोडाव्याशा वाटायच्या.

गेल्या हिवाळ्यात हे म्हणाले, “येत्या परिषदेत सांगून टाकतो, माझं चुकलं. अशी जागा नाही.” चुकलेला नवरा मला चालला असता. पण त्या लोकांसमोर मान खाली घालून उभा राहिलेला नवरा मला बघवणार नव्हता. शेवटचा एक फेरा मारू, या बोलीवर मी त्यांना बाहेर काढलं.

पिशोरच्या पलीकडे डोंगरातल्या एका वस्तीवर थांबलो. घरच्या बाईंनी चहा टाकला. समोरच्या माळाला काय म्हणतात, असं यांनी सवयीनं विचारलं.

“धारतीर्थ म्हणत्यात,” बाई म्हणाल्या.

यांचा चेहरा उजळला. “पाण्याची धार कुठंय?”

“पाणी नाय तिथं. माझ्या सासऱ्यानंबी कधी पाहिलं नाय. नावच तेवढं.”

यांनी कप खाली ठेवला आणि चपला घालायला उठले. “चल, परत जाऊ,” म्हणाले.

मी उठले नाही. धारतीर्थ, धारतीर्थ... तो शब्द माझ्या जिभेवर कुठंतरी आधीच होता. आणि एकदम लख्ख कळलं. मुलांच्या किती तुकड्यांना मी तो शिकवला होता, वाक्यात उपयोग करा म्हणून.

“अहो, ही धार पाण्याची नाही,” मी म्हणाले. “तलवारीची आहे. धारातीर्थी पडणे.”

हे एक चप्पल घालून तसेच उभे. स्वतःच्या पुस्तकांत हा वाक्प्रचार त्यांनी पानोपानी वापरलाय. दर पानावर कोणी ना कोणी धारातीर्थी पडतंच. आणि शिलालेखात दोन अक्षरं फुटली तर हा माणूस आयुष्यभर पाणी शोधत फिरला.

माळावर बाईंच्या शेताचा बांध होता, लांबट दगड पालथे रचून केलेला. दगड घडीव दिसले, म्हणून यांच्या सांगण्यावरून बाईंच्या मालकांनी आणि दिरांनी पहारी लावून एक दगड उलटा केला. वीरगळ निघाला, लढाईत पडलेल्या माणसासाठी उभारतात तो दगड. खाली आडवा पडलेला गडी, मधे ढाल-तलवारीची झटापट, वर पिंडीपुढे हात जोडून बसलेला तोच. दुसरा उलटा केला, तोही वीरगळ. तिसराही. सगळ्यांत मोठ्या दगडावर अक्षरं होती. यांनी शहागंजच्या बाजारातून आणलेल्या ब्रशनं माती झाडली आणि एकेक अक्षर लावत गेले. त्या सरदाराचं नाव लागलं आणि त्याच्या पुढं, न फुटलेलं, ‘धारातीर्थे’.

हे ढेकळांत बसून रडले. मला मात्र हसू आवरेना. इतका आनंद मला लग्नात झाला नव्हता.

“कोण व्हतं हे?” बाईंनी विचारलं. यांनी नाक पुसत त्यांना सगळी लढाई सांगितली, अगदी घोडे कुठून आले असतील इथपर्यंत.

परिषदेत माघारीऐवजी वीरगळांचे फोटो दाखवले गेले. चहाला कोणी काही विचारलं नाही, सगळे फोटोंभोवतीच होते. पुढं निबंध छापायला गेला तेव्हा छापखान्यातून फोन आला: सर, लेखकांची नावं उलटी पडलीत, मॅडमचं आधी आलंय, सुलटं करू का?

“नाही,” हे म्हणाले. “ते मीच लिहिलंय तसं.”