आईची सही परत केली तेव्हा

सुलभा सिस्टर आमच्या शाळेत चहा घेत नसत. बाकी सगळ्या गावात घेत. खारवीवाड्यात घेत, मोहल्ल्यात तर एका सकाळी चार-चार घरी घेत. आमच्या ऑफिसात मात्र कप पुढे आला की लसींचा निळा डबा मांडीवर ओढून म्हणत, "नको. मला इथं मळमळतं." नव्या शिक्षकांना वाटे, सिस्टरना पित्ताचा त्रास असेल. त्रास पित्ताचा नव्हता, आमचा होता.

त्या आमच्या उपकेंद्राच्या नर्स. माहेर मंडणगडचं, अंगाने ठेंगण्या, आवाज बंदरावर लिलाव पुकारणारीचा. सुई टोचण्याआधी पोराला विचारत, "काय जेवलास रे? बांगडा? कुणी तळलान?" पोर आईचं नाव सांगेपर्यंत सुई बाहेर आलेली असे. "बघ, आईचं नाव घेतलंस नि काम झालं," म्हणत आणि पुढच्याला दंडाला धरून ओढत.

एका वर्षी शाळेत गोवर-रुबेलाची लस द्यायची होती. घरोघर संमतीपत्रं गेली. आमच्याकडे निम्म्या मुलांचे वडील बोटीवर, निम्म्यांचे आखातात. पूर्वी एकदा रजेवर आलेल्या एका वडिलांनी सहलीच्या कागदावर बायकोने सही केली म्हणून शाळेत तमाशा केला होता. तेव्हापासून आमचे मुख्याध्यापक प्रत्येक कागदावर स्वतःच्या हाताने लिहीत, 'फक्त वडिलांची सही'. या कागदांवरही त्यांनी तेच लिहिलं.

"ओ सर, नऊ महिने ह्या पोरांना कुणी वागवलंन? बापसानं?" सिस्टर कडाडल्या.

"उद्या कोणी भांडायला आलं तर तोंड मला द्यायचंय, तुम्हाला नाही," सर म्हणाले.

तिसरीचा वर्ग माझा. लस देण्याच्या दिवशी सकाळी आफरीनची आई, रेहाना, कागद घेऊन आली. खाली तिची ठसठशीत सही. आफरीनचे लहानपणचे डोस कुवेतच्या येण्याजाण्यात राहून गेले होते, म्हणून ती मुद्दाम लवकर आली होती.

"बाई, हे तर कुवेतला. माजी सही चालत नाय?"

"वर लिहिलंय ना," मी म्हटलं आणि कागद परत केला. तिने त्याची चौपदरी घडी घातली आणि गेली. सिस्टर तेव्हा पलीकडच्या वर्गात होत्या. लस न दिलेल्या मुलांपुढे यादीत कारण लिहावं लागे. सर म्हणाले, "लिहा, पालकांचा नकार." मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, म्हणून असली कामं माझ्याकडेच असत.

दोन महिन्यांनी आफरीनला गोवर झाला. ताप उतरला, पण कान वाहायला लागला आणि डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं. तालुक्याहून साहेब चौकशीला आले तेव्हा सरांनी यादी पुढे केली. "आम्ही काय करणार? पालकांनीच नकार दिला." साहेब गेल्यावर आमच्यातलंच कोणीतरी म्हणालं, "त्यांच्यात भितातच लसीला." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी चहात साखर ढवळत होते. आज चमच्याच्या त्या आवाजाचीसुद्धा किळस येते.

रेहानाकडून सगळं ऐकून आलेल्या सिस्टर दारात उभ्या होत्या. त्यांनी यादी उचलली. "बाई, अक्षर तुमचं?"

"सरांनी सांगितलं म्हणून..."

"तुमच्या लेकीच्या लसीच्या कार्डावर सही कुणाची?"

माझीच होती. त्यांनी खिळ्याला अडकवलेल्या परिपत्रकांतलं एक ओढून काढलं. त्यात स्पष्ट छापलं होतं, 'आई, वडील किंवा सांभाळ करणारी व्यक्ती'. इतके दिवस ते आमच्या डोक्यावर लटकत होतं.

"शी!" सिस्टर म्हणाल्या. "ह्या हातानं पोरांना अक्षरं शिकवता?" समोरचा कप त्यांनी तसाच ठेवला. त्या दिवसापासून आमच्याकडचा चहा त्यांनी सोडला.

त्यानंतरची चार वर्षं त्या प्रत्येक लसीकरणाला आल्या. आता कागदांवर आयांच्या सह्या असत. निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात त्या आल्या तेव्हा सर बदलून गेले होते. मी स्वतः चहा नेला.

"त्या पानावर अजून नकारच आहे?" त्यांनी विचारलं.

"जुनी यादी आहे, सिस्टर. आता कोण बघतंय?"

"रेहानाचा घो बघतो, कुवेतला बसून. तुझ्या हट्टानं पोर बहिरी झाली म्हणून तिला फोनवर रोज ऐकवतो. शाळेनं त्याला तसंच सांगितलंन." निळा डबा उचलून त्या निघाल्या.

मी कपाट उघडलं. माझ्याच सुबक अक्षरातल्या 'नकार'वर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'आईची संमती होती. मी कागद परत केला.' खाली सही केली. नवीन मुख्याध्यापकांना दाखवून त्या पानाची झेरॉक्स काढली आणि संध्याकाळी रेहानाच्या घरी गेले.

तिने कागद वाचला, पुन्हा वाचला. मला वाटलं होतं ती ओरडेल. तिने नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला, फोन माझ्यासमोर धरला आणि आतून आफरीनला बोलावलं.

"वाचा बाई, दोघांनाबी ऐकू द्या. पण हिच्या उजव्या अंगाला बसा."

मी सरकून बसले आणि वाचलं. मग चहा आला. सिस्टर त्या घरात इतकी वर्षं चहा घेत होत्या. मला तो कप उचलायची लाज वाटली.