केसिंग फिरत नाही

नांदेडला एम.टेक. करत होते तेव्हा आमच्या लॅबमध्ये पंपातल्या पाण्याचा हिशोब कॉम्प्युटरवर व्हायचा, आणि त्यासाठी कोरी फाईल उघडणं म्हणजे पापच. मागच्या बॅचची फाईल घ्यायची, तिच्यातला पंप काढून आपला टाकायचा, बाकी सेटिंगला हात लावायचा नाही आणि कॉम्प्युटरला हिशोबाला लावून चहाला जायचं. मेंढरामागं मेंढरू. मीही तेच केलं. पंपाची कार्यक्षमता इतकी झकास आली की सर खूष, आणि मला मात्र चैन पडेना. शेतातला साधा पंप होता तो, एवढी कमाल कशी करून राहिला?

म्हणून केसिंगजवळच्या पाण्याचा वेग काढून बघितला. केसिंग म्हणजे पंपाचं बाहेरचं कवच. ते बोल्टानं आवळून जाग्यावर बसवलेलं असतं, आत नुसता पंखा फिरतो. भिंतीला चिकटलेलं पाणी भिंतीच्याच वेगानं जातं, म्हणजे इथं ते थांबलेलं पाहिजे. ते तर पंख्याइतकंच पळत होतं! अगं बाई, म्हटलं, आपलं केसिंगच फिरून राहिलंय की.

त्याचं असं असतं, आम्ही हा हिशोब पंख्यावर बसून करतो. जत्रेत घोडे लावलेल्या गोल पाळण्यात बसलं की समोरचा घोडा जाग्यावर दिसतो आणि बाहेरची दुकानं उलटी पळतात, तसं. त्यामुळं पंख्याला ‘थांब’ म्हणायचं आणि केसिंगला उलटं पळायला सांगायचं, तेव्हा कुठं ते खरोखर जाग्यावर राहतं. आमच्या फाईलमध्ये सगळ्याच भिंतींना ‘थांब’ म्हटलेलं होतं. म्हणजे दुकानंसुद्धा पाळण्यावर चढवलेली. ती फाईल मुळात कुणीतरी उघड्या पंख्यासाठी केली होती, त्याला केसिंगच नव्हतं. पुढच्यांनी पंप घातले आणि सेटिंग तसंच राहिलं.

मी ते सुधारलं. थांबलेल्या केसिंगला पाणी घासायला लागलं आणि कार्यक्षमता धपकन खाली आली.

आली का पंचाईत! लातूरच्या एका कॉलेजात माझी लेक्चररची जागा ठरली होती, अट एकच, त्या उन्हाळ्यात डिग्री हातात पाहिजे. आमचे बाबा औशाला शिक्षक. ते तर पेढे वाटून मोकळे झाले होते. आणि मार्गदर्शक सरांच्या सहीशिवाय प्रबंध पुढं जात नव्हता.

ही चूक कशी सापडली त्याचं एक प्रकरण लिहिलं आणि जुना-नवा दोन्ही आलेखांसकट सरांपुढं ठेवलं. त्यांचा स्वतःचा पेपर त्याच फाईलवर उभा होता.

“हे प्रकरण काढ, जुना आलेख ठेव. आत्ता सही करतो.”

“सर, त्यात केसिंग फिरून राहिलंय.”

“इतक्या पोरांचं फिरलं, कुणाचं काय बिघडलं? तुलाच लई शहाणपण सुचलं का?”

डोक्यात तिडीक गेली. “माझं नाही फिरणार, सर,” म्हटलं आणि कागद उचलून बाहेर आले.

लातूरला फोन करून डिग्री लांबल्याचं मीच सांगितलं. ते म्हणाले, मग आम्हाला दुसरं कुणी बघावं लागेल. बघा, म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर ढसाढसा रडले.

औशाला बाबा कपाळाला हात लावून बसले. “अगं, एक प्रकरणच काढायचं होतं. कोण वाचतंय ते?”

“मी वाचलंय ना, बाबा.”

“लोकांना काय सांगू आता?”

“सांगा, पोरगी अडून बसली.”

त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोलले नाही, बापाचाच स्वभाव आलाय.

पुढच्या टर्मला कॉलेजातल्या तसल्याच खऱ्या पंपावर मीटर लावून मोजलं. आकडे माझ्या खालच्या आलेखाला येऊन टेकले. तेच प्रकरण, वर ही मापं, असं सगळं सरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्यांनी बराच वेळ पानं चाळली आणि सही केली.

“झालं समाधान?”

“हाव, सर.”

लातूरची ती जागा तोवर भरली होती. घेतली आमच्याच लॅबमधल्या एकानं. त्याच्या प्रबंधात केसिंग गरगर फिरतंय आणि तो तिथं पोरांना पंप शिकवतोय. लई राग आला होता, अजून येतो. पण उद्या परत सर समोर बसले आणि म्हणाले, प्रकरण काढ, तर मी परत कागद उचलून बाहेर येईन.