एका पावलात एक घर

शिवलीला आमच्या दुकानात कामाला आली, त्याच दिवशी मी तिला हाकलणार होते. सोलापुरात फ्लेक्सचं दुकान चालवायचं तर दोनच गोष्टी शिकाव्या लागतात, फोटो ताणायचा आणि तोंड बंद ठेवायचं. गिऱ्हाईक म्हणालं चेहरा उजळ करा, करायचा. चौकटीच्या कडेला पांढरं राहिलं तर फोटो ओढून ते भरून काढायचं. माणूस जरा रुंद दिसतो, पण वाढदिवसाला एवढं कोण बघतंय? आणि ही बाई आल्या आल्या मलाच विचारते, "भाभी, ह्यो मानूस असा हाय व्हय?"

मी म्हटलं, "आहे. आत्ताच इथनं हसत हसत गेला. तू बटन दाब."

तिचा नवरा चिंचोळी एमआयडीसीत कामाला, आणि माझा नवरा मुबीन तिथला माल टेम्पोनं पोचवतो. त्या ओळखीनं ती आली होती, म्हणून ठेवून घेतली. बारावी झाली, लग्न झालं, भाड्याच्या खोलीत ब्लाउज शिवत शिवत तिनं कॉम्प्युटरचा क्लास केला. शिवणाऱ्या बाईची नजर तिला होती. कापड कुठं ओढलं जातंय ते तिला लांबनं कळायचं. माझ्याशी वाद घालायची, पण काम असं करायची की वाद विसरावा लागायचा. मला आगाऊ माणसं आवडत नाहीत, ही मात्र आवडली. काय करणार?

दुपारी डबा खाताना ती आईला फोन लावायची. बाकीच्या बायका आईला विचारतात, जेवलीस का. ही विचारायची, "पानी आनलंस का?"

तिचं माहेर माळशिरस तालुक्यात. वेळापूरच्या पुढं एक फाटा आत जातो, तिकडची वाडी. नाव सांगत नाही, उगाच गावाला राग यायचा. वाडी खाली, आणि वर माळाच्या चढावर चार घरं. त्याला वरची वस्ती म्हणतात. तिची आई, दगडाबाई, तिथं एकटी राहते. विहीर खाली. रोज उतरायचं आणि डोक्यावर हंडा घेऊन चढायचं. साठी उलटलेली बाई. शिवलीला तिला सोलापूरला ये म्हणायची, आणि म्हातारी म्हणायची, "तुज्या खोलीत मी उबी ऱ्हाऊ का आडवी?"

मग वाडीला नळाची योजना आली. इंजिनिअरनं ड्रोन उडवून सगळा उंचसखलपणा मोजला आणि देवळाजवळच्या उंचवट्यावर टाकीची जागा ठरवली. पाणी टाकीतनं आपोआप उतरून घराघरात जाणार. ग्रामसभेनं फक्त मान डोलवायची बाकी होती. नकाशा पंचायतीच्या भिंतीवर लावला होता, एवढासा कागद, आख्खी वाडी त्यात डाळीच्या दाण्याएवढी. कुणाला काही कळेना, आणि कळत नाही म्हणायलाही कुणी तयार नव्हतं.

सरपंच शहाजीराव म्हणजे आमचं जुनं गिऱ्हाईक. वाढदिवसाचे फ्लेक्स न्यायला आले होते, तेव्हा शिवलीलानंच विषय काढला. "दादा, नकाशा मोठा छापू की. जमिनीवर आंथरायचा. समद्यांनी त्याच्यावर उबं ऱ्हायचं."

मोठा म्हटल्यावर सरपंच खूश. "किती मोठा?"

"एका घरावर एका मानसाचं पाऊल मावंल येवढा."

हे तिचं माप. तिनं हिशेब मांडला, नकाशावरचा एक फूट म्हणजे जमिनीवरचे पन्नास फूट. तीस फूट रुंद, चाळीस फूट लांब. आमच्या मशीनवर तेवढं एका पट्ट्यात निघत नाही, म्हणजे चार पट्टे काढून सांधायचे, आणि सांध्यावर रेघेला रेघ जुळली पाहिजे. साधा फ्लेक्स आमच्या उन्हात कडक होऊन तडकतो, म्हणून तिनं ताडपत्रीसारखं जाड कापड मागवायला लावलं. त्याचा एक तुकडा छापून गच्चीवर उन्हात टाकला, बादलीत भिजवला, मग दुकानाच्या दारात पायपुसणं म्हणून टाकला. गिऱ्हाइकं त्यावर चपला घासून आत यायची आणि ही वाकून बघायची, शाई उतरली का. मला म्हणाली, "भाभी, चकचकीत नको. उनात डोळं दिपत्यात."

नकाशावर त्या वेड्यावाकड्या रेघा असतात ना, एका उंचीच्या जागा जोडणाऱ्या, त्या मला आधी समजेनात. मग समजल्या. गोधडीला कडेनं आत आत टीप घालत जातात, तशा त्या चढाच्या भोवती फिरत वर जातात. त्यातली एक तिनं लाल केली. टाकीच्या उंचीची. लाल रेघेच्या खालच्या घरांना पाणी मिळणार, वरच्यांना नाही.

आणि रेघेच्या वर बरोबर चार घरं राहत होती.

तिनं ती चार घरं बोट लावून परत मोजली. मी मागंच उभी होते. मला तिची आई माहीत, तो हंडा माहीत. मी म्हटलं, "रेघ बोटभर सरकव की वर. कुणाला कळतंय?"

"नकाशात पानी चढंल, भाभी. नळात कसं चढंल?"

मी तिचं ऐकलं. असं मी फार कमी वेळा करते.

दुसऱ्या दिवशी सरपंचांचा फोन. नमुना मोबाईलवर बघितला होता. "झकास झालाय. फक्त वरचा कोपरा मोकळा दिसतोय, तितं आमदार साहेबांचा आन् माजा फोटू लावा."

शिवलीला म्हणाली, "दादा, तितं घरं हायती. वरची वस्ती."

"चारच हायती न्हवं? मग जरा बाजूला सरकवा की."

बघा आता. आमच्याच धंद्यानं लावलेली सवय. फ्लेक्सवर सगळं सरकतं, मग घरं का सरकू नयेत? शिवलीलानं फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मी न्हाय लावनार. दुसऱ्या कुनाकडनं लावून घ्या." मला असा राग आला तिचा. जुनं गिऱ्हाईक तोडायला निघालीय! पण तिचा चेहरा बघितला आणि माझंच डोकं चालायला लागलं.

मी गोड आवाजात म्हटलं, "सरपंच, फोटो लावते की, मोठ्ठा लावते. पण हा नकाशा पायाखाली जाणार. पब्लिक तुमच्या आणि साहेबांच्या तोंडावर उभं राहील. चालेल ना?"

पलीकडनं घाईघाईनं, "नको, नको. राहू द्या मोकळा."

त्यांच्या फोटोचा वेगळा फलक करून दिला, उभा, देवळापाशी लावायला. सगळे खूश.

ग्रामसभेला मीही गेले. एवढं मोठं धूड टेम्पोतनं उतरवून अंथरणार कोण? देवळासमोर नकाशा पसरला, वाऱ्यानं उडू नये म्हणून कडेनं दगड ठेवले. लोक भोवती उभे, पण पाय कुणी ठेवेना. गावच ते, आणि त्यात देऊळही छापलेलं. शेवटी एका म्हाताऱ्यानं चपला काढल्या, मग सगळ्यांनी काढल्या. शिवलीला म्हणाली, "आपापल्या घरावर उबं ऱ्हावा."

काय मजा आली म्हणून सांगू! कुणी शेजाऱ्याच्या गोठ्यावर उभं, कुणी स्वतःचं घर शोधत ओढ्यात. बायका हसून हसून बेजार. हळूहळू जो तो आपल्या जागी गेला. मग शिवलीलानं लाल रेघेवर दोरी ठेवत नेली आणि म्हणाली, "दोरीच्या आतल्यांना पानी."

सगळं गाव आत. कोपऱ्यात, दोरीच्या बाहेर चार माणसं. त्यात दगडाबाई, पदर खोचलेला, पाऊल आपल्या घरावर नीट ठेवलेलं. हसणं थांबलं. भिंतीवरच्या कागदात ही चार माणसं दिसत नव्हती, इथं मात्र हात लांब केला तर लागतील एवढ्या अंतरावर उभी होती.

सरपंच इंजिनिअरला म्हणाले, "टाकी वर न्हाय का घेता येत?"

"वरच्या टेकाडावर घेता येईल. पण कागद परत पाठवावे लागतील. हा उन्हाळा तसाच जाईल."

आप्पा म्हणून एक किराणा दुकानदार आहे, तो म्हणाला, "चार घरांपायी आख्ख्या गावानं आनकी एक उन्हाळा डोक्यावर हंडं आनायचं?"

दगडाबाई जागची हलली नाही. "हंडा तू आनतोस व्हय रं आप्पा?"

पुरुष खाली बघायला लागले. बायकांत खसखस पिकली. मग ओढ्याजवळच्या घरावर उभी असलेली एक बाई म्हणाली, "आनतोय आमी. आनू आनकी एक उन्हाळा. जलमभर आनलं, त्यात काय मोठं?" आणि तिनं हात वर केला. तिच्या शेजारणीनं केला. सगळ्या बायकांचे हात वर गेले, मग पुरुषांचे, आणि आप्पाचा सगळ्यांत शेवटी. सरपंच म्हणाले, "लिवा. टाकी टेकाडावर."

शिवलीला दोरी गुंडाळत बसली होती. तिनं मान वर केली नाही. मीही तिच्याकडं बघितलं नाही, माझेच डोळे भरले होते.

कागद फिरायला उन्हाळा गेला, टाकी बांधायला पावसाळा गेला. दिवाळीनंतर एका सकाळी दुकान नुकतं उघडलं होतं आणि दगडाबाईचा फोन आला. आज उलटं झालं, तिनंच केला. शिवलीलानं मला ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

"पानी आलं गं. दारात आलं. हंडं भरलं, रांजन भरला, म्हशीलाबी पाजलं. समदं झालं, आन् दिस आजून कासराभरबी वर आला न्हाय." मग हळूच म्हणाली, "शिवले, आता दिसभर मी काय करू गं?"

शिवलीला मशीनवर हात ठेवून नुसती रडायला लागली. म्हणून मीच फोन घेतला आणि म्हातारीला सांगितलं, "काही करू नका. बसा."