उठून जाणारे सेक्रेटरी

सबंध सोलापुरात आमच्या दातांच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या सेक्रेटरींइतका कायद्याला भिणारा माणूस झाला नाही, होणारही नाही. मूळचे वळसंगचे. पुण्यातल्या कुठल्याशा कार्यशाळेत त्यांनी ऐकलं, की एका व्यवसायातल्या लोकांनी संगनमतानं दर ठरवणं बेकायदा आहे, आणि गृहस्थ जे बिथरले ते कायमचे. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला "फीबद्दल चकार शब्द काढायचा न्हाय" असं ते उभं राहून बजावत. तेवढ्यात आम्ही चिवडा संपवत असू. लग्नाच्या पंगतीत कुणी सहज म्हणालं, "रूट कॅनालचे किती घेता हो?" की हे भरल्या ताटावरून उठलेच! एकदा माझ्याकडून दाढ काढून घेतली. फी नको म्हटलं तर ऐकेनात. पैसे द्यायला बायकोला आत पाठवलं आणि आपण गालात कापूस धरून भवानी पेठेच्या भर रस्त्यात उभे. का, तर माझी फी त्यांच्या कानावर पडायला नको! आम्ही पोट धरधरून हसायचो.

मग शहराला लागूनच, कुंभारीत एका पोरीनं दातांचा दवाखाना टाकला. हात चांगला, फी आमच्या निम्मी. आमचे पेशंट तिकडे वळू लागले, तसं बैठकीत ठरलं, की दातांच्या कॅप बनवणाऱ्या लॅबवाल्यांना सांगायचं, तिचं काम घ्याल तर आमचं बंद. सेक्रेटरी ताडकन उठले. "ह्ये बेकायदा हाय. माझा विरोध लिहितोय, आन् मी निघालो त्ये बी लिहितोय." वहीत तसं लिहून ते दाराशी थांबले आणि मला म्हणाले, "डॉक्टर, येताय न्हवं?"

"चहा आलाय, तेवढा पिऊन येतो," मी म्हणालो. लाज वाटते सांगायला. पोरीचं काही चुकलेलं नाही हे मला कळत होतं, पण चार मित्रांत वाईट कोण होणार?

सहा महिन्यांत तिला दवाखाना बंद करावा लागला. हैदराबादला कुणाकडे तरी नोकरीला लागली म्हणतात. सेक्रेटरींनी राजीनामा दिला. परवा त्यांच्या घरी गेलो तेव्हा म्हटलं, "साहेब, तुम्ही तरी सुटलात. वहीत लिहिलंय."

ते म्हणाले, "सुटलो की. पण नुसतं उठून आलो हो. तिच्याकडं जाऊन म्हणायला पायजे हुतं, तक्रार कर पोरी, साक्षीला मी येतो. त्ये न्हाय सुचलं बघा."

आता तरी तिला फोन करू, असं आमचं ठरलं. नंबर मात्र दोघांपैकी कुणाकडेच नव्हता.