चिठ्ठीखालची सही

राळेगाव रस्त्यावरच्या एका जिनिंगात बिजलीबाई राठोडने रेच्यावर बावीस हंगाम काढले. रेचा म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढणारं यंत्र. त्याच्या तोंडाशी उभं राहून त्याला मूठमूठ कापूस चारायचा, दिवाळीपासून होळीपर्यंत, नाकातोंडावर पदर बांधून. या बावीस हंगामांत तिला कायमचा खोकला मिळाला आणि लोकांचा विश्वास मिळाला. खोकला फुकटात आला, विश्वासाला वेळ लागला. बाई बोलायची कमी, चुगली तर कधीच करायची नाही, आणि दोन बायकांचं भांडण तिच्याकडे आलं की दोघींनाही सारख्याच शिव्या द्यायची. तिच्या बंजारा तांड्यावरच्या लहानथोर बायका तिला याडी म्हणत, म्हणजे आई.

ती चौथी शिकलेली. तेवढ्या भांडवलावर तिने तांड्याच्या बचत गटात बायकांना सही करायला शिकवलं. समाजमंदिराच्या ओट्यावर कोळशाने अक्षरं काढून, पाटीवर गिरवून घेऊन, प्रसंगी पाठीत धपाटा घालून. अशा बेचाळीस बायका तिच्या हाताखालून गेल्या. त्यांना ती एकच गोष्ट परत परत सांगे, "कागद हाती आला का खाली आपलं नाव लिहायचं. अंगठा आता फक्त भाकर थापाले." नवी सही शिकलेली बाई मग आठवडाभर भिंतीवर, पिठाच्या डब्यावर, पोराच्या वहीवर, दिसेल तिथे सही करत सुटायची. पाहणाऱ्याला हसू यायचं.

जिनिंगात युनियन होती. भगवानराव तिचे अध्यक्ष, एकोणीस वर्षांपासून. माणूस मुळात वाईट नव्हता, हे सांगायलाच हवं. तरुणपणी याच फाटकासमोर अकरा दिवस उपाशी बसून त्यांनी मजुरांना दिवाळीचा बोनस मिळवून दिला होता. पुढे त्यांच्या पुतण्याने, अमरने, त्याच जिनिंगात मजूर पुरवायचा ठेका घेतला आणि सगळं फिरलं. कामावर कोणाला घ्यायचं ते पुतण्या ठरवणार, आणि काढून टाकलं तर गाऱ्हाणं काकाकडे न्यायचं. आता सांगा, कोण नेणार?

युनियनची निवडणूक फाटकावर व्हायची, हात वर करून. अमर हजेरीचं रजिस्टर काखेत धरून बाजूला उभा राही आणि गालात हसे. दोन वर्षांपूर्वी बाभुळगावकडच्या एका बाईचा हात खालीच राहिला. दुसऱ्या दिवशी हजेरीत तिचं नाव नव्हतं. तिच्यावर कोणी रागावलं नाही, कोणी आवाजही चढवला नाही. ती तीन आठवडे रोज डबा घेऊन फाटकाशी येऊन उभी राहायची. मग एक दिवस आली नाही. तिचं पुढे काय झालं हे कोणी विचारलं नाही. बिजलीबाईनेही विचारलं नाही, आणि ते तिच्या मनाला लागून राहिलं.

गेल्या जानेवारीत रामीबाईचा हात यंत्रात सापडला. रामीबाई बिजलीबाईच्याच तांड्याची, तिशीतली, शेजारच्या रेच्यावरची. यंत्राच्या पट्ट्यावर लोखंडी जाळी असते. तिच्यामुळे काम हळू होतं म्हणून अमरने हंगामाच्या सुरुवातीलाच सगळ्या जाळ्या काढून ठेवल्या होत्या. रामीबाईची बाही पट्ट्यात ओढली गेली आणि उजव्या हाताची दोन बोटं तुटली. भगवानराव दवाखान्यात केळी घेऊन आले. जाताना त्यांनी नीट शुद्धीवर न आलेल्या त्या बाईचा अंगठा धरून एका कागदावर टेकवला. जाळी मीच काढली होती, असं त्या कागदावर लिहिलं होतं.

मालकावर चिडणं सोपं असतं. आपल्याच युनियनवर चिडायला बिजलीबाईला बावीस वर्षं लागली. जखम भरल्यावर, नवा हंगाम सुरू व्हायच्या आधी, तिने रामीबाईला दोन महिने बसवून डाव्या हाताने सही करायला शिकवलं, आणि सही जमली त्या दिवशी म्हणाली, "आता भगवानरावच्या समोर उभी राह्य."

"मले कोण हात वर करन याडी? त्या अमरच्या समोर?"

"हात वर करायचंच नाई."

ही वाट उकंडाने दाखवली होती. उकंडा प्रेसवरचा जुना माणूस, कापसाच्या गाठी बांधणारा, या हंगामानंतर घरी बसणार होता. त्याच्या ट्रंकेत युनियनची जुनी नियमांची पुस्तिका होती आणि तिच्यात साफ लिहिलं होतं की निवडणूक गुप्त मतदानाने व्हावी. एकोणीस वर्षांत ते पान कोणी उघडलंच नव्हतं. उकंडाने सभेत उभं राहून ते वाचून दाखवलं, तेव्हा सगळ्यांच्या नजरा भगवानरावांकडे गेल्या.

भगवानराव हसले. "हो ना बाप्पा, करा ना. मी कुठी नाई म्हणतो?" मग त्यांनी एकच अट घातली. मोजणी झाली की दोन्ही उमेदवारांना सगळ्या चिठ्ठ्या पाहायला मिळाल्या पाहिजेत. "मंग कोणी म्हणाले नको का गडबड झाली."

अट रास्त होती. चिठ्ठीवर नाव नसणार, मग पाहीनात का. पेटी सांभाळायला आणि मोजायला दोन्ही बाजूंनी बिजलीबाई आणि उकंडा यांचीच नावं मान्य केली. सगळं फार सरळ चाललं होतं. इतक्या सरळ कामाची बिजलीबाईला सवय नव्हती, आणि त्या आठवड्यात तिला धड झोप लागली नाही. अमरची मोटारसायकल रोज संध्याकाळी तांड्यावर यायची, चावडीच्या सह्यांनी भरलेल्या भिंतीजवळ थांबायची आणि कोणाशीही न बोलता परत जायची.

मतदान सुट्टीच्या रविवारी, फाटकालगतच्या, कापूस तोलायच्या काटाघरात. कोपऱ्यात साडीचा पडदा बांधला होता. चिठ्ठीवर दोन चित्रं छापली होती, भगवानरावांची बैलगाडी आणि रामीबाईची टोपली. पडद्याआड जाऊन हव्या त्या चित्रावर फुलीचा शिक्का मारायचा. ऐन वेळी पाहतात तो शाईचा पॅड ठणठणीत कोरडा. बिजलीबाई पाण्याचे दोन थेंब टाकून पाहते आहे, तोवर अमरने खिशातून नवे पेन काढून पडद्यामागच्या टेबलावर ठेवले. "पेन हाये ना याडी. पेननं मारतीन फुली." त्याने तिला याडी म्हटलेलं तिने पहिल्यांदाच ऐकलं. तिला ते खटकलं, पण बाहेर रांग लागली होती.

एकशे चौदा जणांनी मत टाकलं. बाहेर अमर सगळ्यांना चहा पाजत होता. पडद्यामागून येणाऱ्या बायकांचे चेहरे उजळलेले होते. कोणी फार वेळ लावत होती, पण पहिलीच वेळ, लागायचाच, असं बिजलीबाईने मनाशी म्हटलं.

दार लावून तिने बिस्किटाचा पत्र्याचा डबा उघडला आणि पहिली चिठ्ठी उलगडली. टोपलीवर फुली होती. खाली डाव्या हाताची वाकडीतिकडी अक्षरं, रामीबाई.

"असू दे," उकंडा म्हणाला. "तिचं तर साऱ्यायले माहीतच हाये."

दुसरी चिठ्ठी, टोपली, खाली सही. तिसरी, चौथी. मग तिने भराभरा उलगडायला सुरुवात केली. एकेक अक्षर तिच्या ओळखीचं होतं. हिचा काना नेहमी लांब जातो, हिला रफार जमत नाही, ही नावाखाली रेघ मारते. ओट्यावर बसवून जे शिकवलं होतं ते सगळं बायकांनी जिवापाड पाळलं होतं. कागद हाती आला आणि त्यांनी खाली आपलं नाव लिहिलं. एकीचं ऐकून दुसरीने, आणि रांगेत बाहेर एकमेकींना सांगून बाकीच्यांनी. पुरुषांनीही केल्या होत्या. बिनसहीच्या चिठ्ठ्या जेमतेम पाच-सहा निघाल्या.

मोजल्या. बैलगाडी पंचेचाळीस, टोपली एकोणसत्तर. रामीबाई जिंकली होती.

बिजलीबाईने चिठ्ठ्या परत डब्यात भरल्या. रामीबाईला मत देणाऱ्या साठाच्या वर माणसांची नावं या डब्यात होती आणि आता नियमाने हा डबा भगवानरावांच्या हाती द्यायचा होता. उद्या सकाळी अमर रजिस्टर उघडणार. तेवढी बायामाणसं फाटकाशी डबे घेऊन उभी राहणार, तीन आठवडे, आणि मग एकेक येईनाशी होणार. तांड्यावर हिवाळ्यात दुसरं काम नाही. आणि हे सगळं आपण केलं. त्या शहाणपणाचा, त्या कोळशाचा तिला इतका राग आला की तिने कपाळ बडवून घेतलं.

"खालचं फाडून टाकू का?" उकंडा कुजबुजला.

तिने एक चिठ्ठी त्याच्यापुढे धरली. नाव टोपलीच्या आरपार लिहिलं होतं. अशा कितीतरी होत्या.

दारावर थाप पडली. "झालं का व बिजलीबाई?" भगवानरावांचा आवाज गोड होता. "आमाले बी पाहू द्या."

"तोंड उघडू नको," ती उकंडाला म्हणाली. "सह्या होत्या असं कळलं तं तो एकेकीले पकडून विचारन, कोणाच्या खाली केली. मरेपर्यंत बोलू नको." उकंडाने मान हलवली.

ती डबा छातीशी धरून बाहेर आली. अमरने हात पुढे केला. ती त्याच्या हाताजवळून निघाली, फाटकातून बाहेर पडली, रस्ता ओलांडला. समोर चहाच्या टपरीवर चूल पेटलेली होती. कोणाच्या ध्यानात येण्याआधीच तिने डबा चुलीत उलटा केला आणि चिमट्याने चिठ्ठ्या आत लोटल्या. अमर धावत आला तोवर काळ्या पापडांखेरीज काही उरलं नव्हतं. अमरचं हसू पहिल्यांदाच गेलं. त्याने त्या राखेत काडी फिरवून पाहिली.

मग गलका उठला. रामीबाई गर्दी फोडून पुढे आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"किती घेतले याडी?"

बिजलीबाई रिकामा डबा उचलायला वाकली.

"माह्या बोटायचे किती घेतले ते तरी सांग!"

बायकांनी शिव्या दिल्या. नावाखाली रेघ मारून सही करणारी तिच्या पायाशी थुंकली. बिजलीबाई चिमटा हातात धरून उभी राहिली, आणि बावीस वर्षांत मिळवलेला विश्वास चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात संपला.

भगवानराव शांतच होते. "चिठ्ठ्या जळल्या. आता आपली जुनी पद्धत," ते म्हणाले. अमरने रजिस्टर काखेत घेतलं. उकंडा खाली मान घालून घराकडे निघून गेला, त्याला पुढचं पाहायचं नव्हतं. "माह्या बाजूनं कोण?" भगवानरावांनी विचारलं, आणि हात वर गेले, सगळेच्या सगळे. रामीबाईने आपला तीन बोटांचा हात पदराखाली घेतला.

"रामीबाईच्या बाजूनं?"

कोणी हललं नाही. मग टपरीकडून एक हात वर आला. बिजलीबाईचा. अमरने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि रजिस्टर उघडून एक रेघ मारली.

सोमवारी सकाळी ती डबा घेऊन फाटकाशी गेली. आत घेणार नाहीत हे तिला ठाऊक होतं, पण पाहायचं होतं. अमर एकेकीचं नाव पुकारत होता आणि बायका आत जात होत्या. कोणी तिच्याकडे बघत नव्हतं. एकीचंही नाव गाळलं गेलं नाही. रामीबाईचंसुद्धा नाही. हरलेल्या बाईला हाकलून लोकांच्या तोंडी लागायची त्याला गरज नव्हती.

रामीबाई शेवटी आली. दोन पावलं पुढे जाऊन थांबली, आणि चप्पल सारखी करायला वाकल्यासारखं करून हळूच म्हणाली, "रातभर विचार करून राह्यली याडी. मी चिठ्ठीवर सही केलती."

बिजलीबाईने फाटकाकडे पाहिलं.

"साऱ्याजणीयनं केलती का?"

"हळू बोल."

रामीबाईच्या तोंडाचा रंग उतरला. ती तशीच वाकून राहिली. "मंग... मी निवडून आलती?"

फाटकाशी अमरने रजिस्टर मिटलं आणि दोघींकडे पाहिलं.

"आत जाय," बिजलीबाई म्हणाली. "तो पाहून राह्यला. बाही वर खोच, पट्ट्यावर जाळी नाई."